ईबेचे चार प्रश्न: रिव्ह्यूसाठी ठरावीक फॉर्म असावा का?

ऑनलाइन रिव्ह्यूंवर विश्वास राहिला नाही अशी तक्रार निघाली की एक सूचना हमखास पुढे येते. प्रत्येकाला मनाला येईल तसं लिहू देण्याऐवजी सगळ्या साइटनी ठरावीक प्रश्नांचा एक फॉर्म द्यावा, म्हणजे एका दुकानाची दुसऱ्याशी सरळ तुलना करता येईल. मला ही सूचना निम्मी पटते. कोणती निम्मी, हे नुसत्या तर्काने सांगण्यापेक्षा ईबे या खरेदी-विक्रीच्या अमेरिकन साइटचं उदाहरण घेतलेलं बरं. तिथे मोकळ्या अभिप्रायाकडून ठरावीक प्रश्नांकडे जाण्याचा प्रयोग प्रत्यक्ष झाला, विक्रेत्यांच्या पोटापाण्यावर त्याचा परिणाम झाला आणि अर्थशास्त्रज्ञांनी तो बारकाईने तपासला.

शंभरात नव्व्याण्णव चांगले

पियरे ओमिड्यार यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियात ही लिलावाची साइट सुरू केली, तेव्हा तिच्यापुढे मोठा प्रश्न होता भरवशाचा. कधी न पाहिलेल्या माणसाला आधी चेक किंवा मनीऑर्डर पाठवायची आणि वस्तू येईल म्हणून वाट पाहायची. वस्तूही बहुतेक जुनी, वापरलेली. फोटोत न दिसणारा तडा पार्सल उघडल्यावरच कळणार. यावर उपाय म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये फीडबॅकची सोय झाली. चांगला, वाईट किंवा मधला असा शेरा द्यायचा आणि सोबत ८० अक्षरांत मावेल एवढी एक ओळ लिहायची. खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायचा, तसाच विक्रेत्यानेही खरेदीदाराला. हा दुतर्फी भाग लक्षात ठेवा, पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच झाली.

सुरुवातीला तर व्यवहार झालेला नसतानाही कोणीही कोणालाही शेरा देऊ शकत असे. पुढे तो प्रत्यक्ष व्यवहाराशी जोडला गेला. फॉर्मात काय विचारावं याआधी फॉर्म कोणाच्या हातात द्यावा हे ठरवावं लागतं आणि ईबेला ते अनुभवातून कळलं.

पॉल रेझ्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी १९९९ मधले व्यवहार तपासले. निम्म्याहून थोड्या जास्त व्यवहारांत, म्हणजे ५२.१ टक्के वेळा, खरेदीदाराने शेरा दिला होता आणि त्यातले ९९.१ टक्के शेरे चांगले होते. वाईट होते ०.६ टक्के. सोबतची ओळही बहुतेक ठरलेली: ‘ए’ आणि त्यापुढे अधिकचिन्हांची रांग, उत्तम विक्रेता, पुन्हा घेईन. अनोळखी माणसांच्या, जुन्या वस्तूंच्या, टपालाने होणाऱ्या बाजारात शंभरातले नव्व्याण्णव जण खूश असतील हे मानायला मी तयार नाही. ते अभ्यासकही तयार नव्हते.

कारण उघड होतं. खरेदीदाराने वाईट शेरा दिला की विक्रेता उलटून त्यालाही वाईट शेरा द्यायचा. जाणते विक्रेते तर आपला शेरा राखूनच ठेवायचे. पैसे वेळेवर आले, म्हणजे खरेदीदाराचं काम संपलं, तरी शेरा लगेच द्यायचा नाही, आधी त्याचा पाहायचा. खरेदीदाराला हे ठाऊक असे. तो मुकाट्याने चांगला शेरा द्यायचा किंवा काहीच न लिहिता निघून जायचा. अर्थात फीडबॅकच्या पानावर जे दिसत होतं त्यात समाधान किती आणि भीती किती, हे बाहेरच्याला वेगळं करता येत नव्हतं.

चार प्रश्न आणि एक पडदा

यावर दोन पर्याय चर्चेत आले. गॅरी बोल्टन, बेन ग्राइनर आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेसोबत त्यावर काम केलं. पहिला पर्याय असा की दोघांचे शेरे झाकून ठेवायचे आणि दोघांचे आले की एकदम उघडायचे. (हाच मार्ग पुढे २०१४ मध्ये एअरबीएनबीने घेतला.) दुसरा पर्याय असा की जुनी पद्धत तशीच ठेवून खरेदीदाराला वेगळा फॉर्म द्यायचा, ज्याला विक्रेत्याकडून उलट उत्तर येऊच शकणार नाही. ईबेने दुसरा निवडला आणि २००७ मध्ये तो लागू केला.

फॉर्मात चार प्रश्न होते. वस्तू वर्णनाप्रमाणे होती का? विक्रेत्याचा संवाद कसा होता? वस्तू किती लवकर पाठवली? पाठवणावळ आणि पॅकिंगचा खर्च वाजवी होता का? प्रत्येकाला एक ते पाच तारे. हे भरणं ऐच्छिक होतं. विक्रेत्याला कोणी किती तारे दिले ते दिसत नसे, फक्त सरासरी दिसे, तीही किमान दहा जणांनी भरल्यावर. मागच्या बारा महिन्यांचेच तारे धरले जात.

मला यातला प्रत्येक तपशील महत्त्वाचा वाटतो. ठरावीक फॉर्मची बाजू मांडणारे बहुतेक लोक फक्त प्रश्नांविषयी बोलतात. खरं काम मात्र त्या दहाच्या अटीने केलं. एकट्याचं मत दहा जणांत मिसळलं की ते कोणाचं हे विक्रेत्याला कळत नाही, आणि कळलं नाही की सूड कोणावर उगवणार? बारा महिन्यांच्या अटीने दुसरं काम केलं. पाच वर्षांपूर्वी कमावलेल्या नावावर आज ढिसाळ माल खपवणं अवघड झालं.

परिणाम लगेच दिसला. त्याच खरेदीदारांचे जुन्या पद्धतीचे शेरे जवळजवळ सगळे चांगलेच राहिले, ताऱ्यांमध्ये मात्र फरक पडू लागला. ज्याला उघडपणे वाईट म्हणायची हिंमत झाली नसती, तो पडद्याआडून तीन तारे देऊ लागला. विशेषतः पाठवणावळीच्या प्रश्नावर. त्या प्रश्नामागे एक खोड होती. ईबे आपलं कमिशन वस्तूच्या किमतीवर घेई, पाठवणावळीवर नाही. म्हणून काही विक्रेते वस्तू एक डॉलरला लावत आणि पाठवणावळ वीस डॉलर. मोकळ्या शेऱ्यात हे फार थोडे लोक लिहायचे, कारण आकडा आधीच जाहीर होता आणि आपणच तो मान्य केला होता असं त्यांना वाटे. थेट विचारल्यावर ते बोलले. ठरावीक फॉर्मचा सगळ्यात मोठा फायदा मी हाच मानतो. माणसाला जे खटकलं होतं पण सांगण्याजोगं वाटलं नव्हतं, ते प्रश्न विचारल्याने बाहेर येतं.

मे २००८

पुढच्या वर्षी ईबेने आणखी एक पाऊल टाकलं. मे २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराला वाईट शेरा देताच येईना. द्यायचा तर चांगला, नाहीतर देऊच नका. जानेवारीत ही घोषणा झाली तेव्हा, शुल्कातल्या बदलांसकट, विक्रेते इतके चिडले की फेब्रुवारीत त्यांनी आठवडाभराचा बहिष्कार पुकारला. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. लिलाव जिंकून पैसे न देणारा खरेदीदार, वापरून झाल्यावर वस्तू मोडकी आली म्हणणारा खरेदीदार, यांच्याविरुद्ध त्यांच्या हातात तेवढंच एक शस्त्र होतं.

टोबियास क्लाइन, क्रिश्चन लाम्बेर्ट्झ आणि कोनराड स्टाल यांनी या बदलाचा परिणाम मोजला. मला त्यांची मोजण्याची पद्धत फार आवडते. मे २००८ मध्ये दुतर्फी शेऱ्यांचा नियम बदलला, पण चार प्रश्नांचा फॉर्म जसाच्या तसा राहिला. तो आधीही निनावी होता, नंतरही निनावी. म्हणजे सुडाची भीती कमी झाल्याने त्या ताऱ्यांत फरक पडायचं कारण नव्हतं. फरक पडला तर तो विक्रेत्यांच्या वागण्यातला असणार. आणि फरक पडला. तारे वाढले. वाईट विक्रेते मोठ्या संख्येने निघून गेले म्हणून सरासरी वर गेली असंही नव्हतं, विक्रेते बाहेर पडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तेच विक्रेते अधिक नीट वागू लागले.

मोकळ्या शेऱ्यांवरून हे कधीच सिद्ध करता आलं नसतं. प्रश्न, मोजपट्टी आणि गुप्तता वर्षानुवर्षं तीच ठेवली की आजूबाजूला केलेल्या दुसऱ्या बदलाचा परिणाम मोजता येतो. साइटच्या दृष्टीने हा फायदा वाचकाच्या सोयीपेक्षाही मोठा आहे.

‘अचूक’ म्हणजे चार

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग प्रश्नच मिटला, सगळ्यांनी असेच फॉर्म आणावेत. पण त्याच २००८ मध्ये ईबेने या ताऱ्यांना पैसे जोडले, आणि माझ्या मते खरी चूक तिथे झाली.

मोठ्या विक्रेत्यांना मिळणारा पॉवरसेलर हा दर्जा टिकवायला चारही प्रश्नांवर किमान ४.५ सरासरी लागेल असं ठरलं. ४.६ वर गेलात तर कमिशनमध्ये ५ टक्के सूट, ४.८ वर गेलात तर १५ टक्के. साइटवरच्या शोधात कोणाचा माल वर दिसेल हेही ताऱ्यांवर अवलंबून राहू लागलं. चांगल्याला बक्षीस मिळावं हा हेतू रास्त होता. पण खरेदीदाराच्या पडद्यावर काय दिसत होतं ते पाहा. पहिल्या प्रश्नाला पाच ताऱ्यांसमोर लिहिलं होतं ‘अतिशय अचूक’, चार ताऱ्यांसमोर ‘अचूक’, तीनसमोर ‘ना अचूक ना चुकीचं’. तुम्ही एक वापरलेला कॅमेरा मागवला, वर्णनात जसं होतं तसाच आला. तुम्ही काय निवडाल? सरळ माणूस ‘अचूक’ निवडेल. ज्या विक्रेत्याची सगळी गिऱ्हाइकं अशी सरळ, त्याची सरासरी ४.० येणार आणि तो ईबेच्या हिशेबात नापास होणार. गिऱ्हाइकाने शाबासकी म्हणून चार तारे दिले आणि साइटने ते दूषण म्हणून वाचले.

गिऱ्हाइकाला यातलं काही सांगितलं नव्हतं. फॉर्मवर एक अर्थ छापलेला, हिशेबात दुसराच. ठरावीक फॉर्मवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मोकळा अभिप्राय गबाळा असेल, पण त्यात लिहिणाऱ्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत राहतो. फॉर्म मात्र अर्थ आधी ठरवून देतो, आणि मग तो अर्थ परस्पर बदलायची ताकद फॉर्म काढणाऱ्याच्या हातात जाते.

मग विक्रेत्यांनी जे केलं ते आपल्याला नवं नाही. पार्सलमध्ये चिठ्ठी: समाधान झालं असेल तर पाच तारे द्या, काही अडचण असेल तर तारे देण्याआधी आमच्याशी बोला. आज आपल्याकडे कॅबचा चालक उतरताना ‘पाच स्टार द्या साहेब’ म्हणतो, जेवण पोचवणारा मुलगा दारात तेच सांगतो, त्यामागचं कारणही हेच. त्याला माहीत आहे की चार म्हणजे चांगलं हा अर्थ फक्त देणाऱ्याच्या मनात आहे. हळूहळू गिऱ्हाइकंही शिकतात आणि पाचशिवाय काही देत नाहीत. ईबेवर सरासरी साडेचार ते पाच या चिंचोळ्या पट्टीत दाटली, आणि दशांशचिन्हानंतरच्या एका आकड्यावर कोणाची किती सूट हे ठरू लागलं. ज्या गर्दीतून सुटायला फॉर्म आणला होता, तीच गर्दी दुसऱ्या आकड्यापाशी जमली.

फॉर्मच्या जागी नोंद

पुढची काही वर्षं ईबे हे निस्तरत होतं, आणि कसं निस्तरलं ते फार बोलकं आहे.

पाठवणावळ फुकट दिलेली असली तरी काही लोक त्या प्रश्नाला चारच तारे देत. म्हणून ठरलं की पाठवणावळ शून्य असेल तर पाच तारे आपोआप. विक्रेत्याने वेळेत माल रवाना करून पार्सलचा माग साइटवर टाकला आणि पार्सल ठरल्या दिवसांत पोचलं, तर वेळेच्या प्रश्नालाही आपोआप पाच. खरेदीदाराला काही विचारावंच लागलं नसेल तर संवादाचेही आपोआप पाच. चारपैकी तीन प्रश्न असे की त्यांचं उत्तर साइटच्या स्वतःच्या नोंदीतच होतं, तरी ते माणसाला विचारले जात होते. उरला एकच, वस्तू वर्णनाप्रमाणे होती का. त्याचं उत्तर पार्सल उघडणाऱ्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

पाठवणावळीचा फुगवटा तर अखेर फॉर्मने नाहीच गेला. २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत पाठवणावळ धरून एकूण रकमेवर कमिशन घ्यायला सुरुवात केली आणि किंमत पाठवणावळीत लपवण्याचं कारणच संपलं. खोड कमिशनच्या नियमातून आली होती, नियम बदलल्यावर गेली. फॉर्मने ती दाखवून दिली, तेवढं त्याचं श्रेय.

२०१४ मध्ये सरासरी सोडून ‘दोष’ मोजायची पद्धत आली. वर्णनाच्या प्रश्नावर तीन किंवा कमी तारे हा दोष, पाठवण्याच्या वेळेला एकच तारा हाही दोष. म्हणजे चार आणि पाच यांतला फरक शिक्षेच्या हिशेबातून निघून गेला. वर सांगितलेल्या चुकीची ही उशिरा झालेली कबुलीच म्हणायची. फेब्रुवारी २०१६ पासून विक्रेत्याचा दर्जा ठरवताना तारे आणि शेरे पूर्णपणे बाजूला झाले. विक्रेत्याने स्वतः रद्द केलेले व्यवहार आणि त्याने न सोडवलेल्या तक्रारी, एवढंच दोषात धरलं जाऊ लागलं. चार प्रश्न गेले नाहीत, विक्रेत्याच्या पानावर त्यांची सरासरी अजूनही दिसते. पण आता ते वाचणाऱ्यासाठी आहेत, त्यावरून कोणाचं कमिशन ठरत नाही. मला ही त्यांची योग्य जागा वाटते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही फॉर्मच्या हाती लागत नाही. क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी ईबेच्या आतल्या आकडेवारीवर काम करताना न दिलेल्या शेऱ्यांकडे पाहिलं. चांगल्या शेऱ्यांच्या टक्क्यांप्रमाणे सगळे विक्रेते ओळीने लावले, तर बरोबर मध्यावरच्या विक्रेत्याचे चांगले शेरे १०० टक्के होते, म्हणजे त्या आकड्याचा उपयोग शून्य. त्यांनी चांगल्या शेऱ्यांना एकूण व्यवहारांनी भागलं. समजा दोन विक्रेत्यांचे शंभर-शंभर व्यवहार झाले. एकाला नव्वद जणांनी चांगला शेरा दिला, दुसऱ्याला पन्नास जणांनी, वाईट कोणालाच नाही. जुन्या हिशेबात दोघेही शंभर टक्के. पण दुसऱ्याच्या बाबतीत पन्नास जण गप्प राहिले, आणि ते गप्प का राहिले याचा अंदाज कोणालाही करता येईल. ज्याला वाईट अनुभव येतो तो अनेकदा त्या विक्रेत्यालाच सोडतो असं नाही, साइटच सोडून जातो. फॉर्म जितका लांब, तितके गप्प राहणारे जास्त. म्हणून दहा-बारा प्रश्नांच्या आदर्श फॉर्मचे आराखडे पाहिले की मला काळजी वाटते.

मग आपल्याकडे काय करावं

आपला ईबेशी थेट संबंधही आला होता. मुंबईतली बाझी डॉट कॉम ही कंपनी ईबेने २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि तिची ईबे इंडिया झाली. २०१७ मध्ये ती फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये साइट बंद झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे. रिव्ह्यू गोळा करणं, तपासणं आणि प्रसिद्ध करणं या तिन्ही टप्प्यांवर साइटने काय करावं ते त्यात आहे. लिहिणारा खरा माणूस आहे ना, हे ईमेल, फोन, एसएमएस, नोंदणीची लिंक अशा मार्गांनी पडताळावं असं ते सांगतं. प्रामाणिकपणा, अचूकता, गोपनीयता, सुरक्षितता, पारदर्शकता, सुलभता आणि प्रतिसाद ही त्याची तत्त्वं.

या मानकाचा भर लिहिणारा कोण आणि साइट कशी वागते यावर आहे, आणि क्रम म्हणून तो बरोबर आहे. ईबेलाही आधी शेरा व्यवहाराशी जोडावा लागला, मगच प्रश्नांची पाळी आली. पुढच्या टप्प्यावर प्रश्न ठरवायचे झाले तर मी हॉटेल, डॉक्टर, मिक्सर आणि पुस्तक यांना एकच फॉर्म लावण्याच्या विरोधात आहे. प्रत्येक क्षेत्रात दोन-तीन प्रश्न सगळ्या साइटवर समान असावेत, आणि तेही फक्त असे की ज्यांचं उत्तर गिऱ्हाइकालाच माहीत आहे. पार्सल कधी पोचलं हे साइटला माहीत असतं, तिने ते स्वतः लिहावं. शक्य तिथे उत्तर ताऱ्यांऐवजी हो किंवा नाही असं असावं, कारण ‘सांगितलेलं बिल आणि घेतलेलं बिल एकच होतं का’ याला साडेचार हे उत्तर नसतं. मोकळं लिहायची जागा कायम राहावी, कारण फॉर्म काढणाऱ्याला जे सुचलं नाही ते तिथेच येतं. पाठवणावळीची खोडसुद्धा आधी कोणीतरी ८० अक्षरांत लिहिली असेल, म्हणूनच ती पुढे प्रश्न बनली. आणि उत्तरावर कोणाची रोजी अवलंबून असेल तर ते फॉर्मवरच लिहावं: चारपेक्षा कमी दिलेत तर या माणसाचं काम जाऊ शकतं. हे वाचूनही ज्याला दोन तारे द्यायचे आहेत, त्याने ते अवश्य द्यावेत.

मराठी वाचकांसाठी यात आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. इंग्रजीत परिच्छेद लिहायला संकोचणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. मराठीत लिहिलेला रिव्ह्यू इतर भाषिक गिऱ्हाइकांपर्यंत पोचतोच असं नाही. समान प्रश्न प्रत्येक भाषेत छापता येतात आणि उत्तरं एकत्र मोजता येतात. सांगलीच्या गिऱ्हाइकाने मराठीत दिलेलं ‘नाही’ आणि कोइम्बतूरच्या गिऱ्हाइकाने तमिळमध्ये दिलेलं ‘नाही’ विक्रेत्याच्या खात्यावर सारख्याच वजनाने पडतं. असा फॉर्म आणताना प्रश्नांची आणि पर्यायांची भाषा त्या-त्या भाषेतल्या साध्या गिऱ्हाइकांकडून आधी भरून घेऊन तपासावी लागेल, नाहीतर ‘अचूक म्हणजे चार’ हा घोळ प्रत्येक भाषेत नव्याने होईल. हे काम एका साइटने करण्यासारखं नाही. मानक ब्युरोकडे मानक आहे, ग्राहक व्यवहार विभाग त्याच्या पाठीशी आहे आणि प्रत्येक राज्यात ग्राहक संघटना आहेत. सुरुवात एका क्षेत्रापासून करता येईल. ऑनलाइन मागवलेल्या घरगुती उपकरणांपासून करावी असं मला वाटतं, कारण तिथे वर्णन आणि वस्तू यांतला फरक घरात बसून तपासता येतो.